मैत्रिणीचा डाएट तुला का झेपत नाही: स्वभाव ओळखून खाण्या-झोपण्याच्या सवयी कशा लावायच्या

दिवाळी झाली किंवा कुणाचं लग्न जवळ आलं की ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी डाएटचा पीडीएफ टाकतं, आणि पाच-सहा जणी एकाच सोमवारी एकदम सुरू करतात. एकीला तो छान लागू पडतो, ती तीन महिने नेटाने करते. दुसरी गुरुवारी स्टेशनबाहेर वडापाव खाते आणि आता मोडलंच ना म्हणून रात्री पिझ्झा पण मागवते. तिसरी इतकं काटेकोर करते की पाळी पुढे जाते, केस गळायला लागतात. चौथीला तर सोमवारी काहीतरी सुरू करायचं होतं हेच आठवत नाही. आणि या सगळ्यांना वरून एकच गोष्ट सांगितली जाते, विल पॉवर वाढव. मला हे खूप चुकीचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पीडीएफ एकच होता पण स्वभाव चार, खायला लावणारी कारणं चार, मग उपाय एकच कसा असेल?

मी ठाण्यात राहते, कॉलेजमध्ये सायकॉलॉजी शिकवते, माझ्या कितीतरी विद्यार्थिनी आता ऐरोली, घणसोली, महापेला नोकरी करतात आणि ट्रान्स हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात भेटल्या की विषय फिरून खाणं, वजन, झोप आणि पाळी यावरच येतो. हे त्यांच्यासाठी आहे, विशी ते तिशीतल्या मुलींसाठी, त्यामुळे अगं-तुगं करतेय, राग मानू नका.

आधी स्वभाव म्हणजे काय म्हणतेय मी ते सांगते. राशी नाही, आणि मोबाइलवर येतात त्या "तू कोणतं फूल आहेस" टाइप क्विझ तर अजिबात नाही. मानसशास्त्रात गेली तीस-चाळीस वर्षं पाच गुणांची मांडणी सगळ्यात जास्त वापरली जाते, बिग फाइव्ह म्हणतात तिला, लुईस गोल्डबर्ग, पॉल कॉस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे ही त्यातली मोठी नावं. पाच गुण असे: चिंता किती पटकन लागते, शिस्त आणि नेटकेपणा किती, माणसांत किती रमतेस, दुसऱ्याचं मन किती जपतेस, आणि नवीन गोष्टींची ओढ किती. या पाच पट्ट्या आहेत, खोके नाहीत. प्रत्येक पट्टीवर तू कुठेतरी असतेसच, बहुतेक जणी मधेच कुठेतरी असतात, आणि पाचही गुणांचं मिश्रण मिळून तू होतेस. त्यामुळे पुढे मी "चिंता करणारी", "शिस्तीची" असं लिहीन तेव्हा त्यातला जो भाग तुझा वाटेल तेवढाच घे.

याचा खाण्याशी आणि तब्येतीशी संबंध आहे का? आहे. अमेरिकेत १९२१ मध्ये लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातल्या साधारण दीड हजार मुलांचा अभ्यास सुरू केला होता, ती मुलं म्हातारी होईपर्यंत तो चालला. नंतर १९९३ मध्ये हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्यात बघितलं तर लहानपणी ज्यांना आईवडील-शिक्षकांनी शिस्तीचं, जबाबदार म्हटलं होतं ती माणसं सरासरी जास्त जगली होती. बाल्टिमोरच्या एका अभ्यासात जवळजवळ दोन हजार लोकांची पन्नासहून जास्त वर्षांची माहिती होती, त्याचे निकाल २०११ मध्ये आले, त्यात उतावळेपणात सगळ्यात वरचे दहा टक्के लोक सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी दहा-अकरा किलोने जास्त वजनदार होते. २०१५ च्या एका स्विस अभ्यासात दिसलं की चिंता करणारी माणसं मन बिघडलं की जास्त खातात, गोड आणि तळलेलं जास्त, आणि नवीन गोष्टींची आवड असणारी भाज्या-फळं जास्त खातात. पण हे सगळं सरासरीचं बोलणं आहे बरं का. एका माणसापुरतं बघितलं तर स्वभावाचा वाटा छोटाच असतो, पैसे, वेळ, घरातलं वातावरण, शिफ्ट, हॉर्मोन्स हे सगळं त्याच्या जोडीला असतंच. म्हणून "मी असलीच आहे, माझं काही होणार नाही" हा निष्कर्ष यातून निघत नाही. शिवाय स्वभाव सगळ्यात जास्त बदलतो तो विशी ते चाळिशीच्या काळातच, आणि या वयात साधारणपणे शिस्त वाढते, चिंता थोडी कमी होते. स्वभावाला औषध नसतं म्हणतात आपल्याकडे, पण स्वभावाला सोयीची व्यवस्था नक्की लावता येते, आणि मला एवढंच सांगायचंय.

पहिलं काम, आठवडाभर काहीच बदलू नकोस, फक्त लिही

वही घे किंवा फोनमधल्या नोट्स. प्रत्येक वेळी काही खाल्लंस की तीन गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं, कुठे आणि कुणाबरोबर, आणि खायच्या आधीची पाच मिनिटं कशी होती. कॅलरी लिहायच्या नाहीत, वजन करायचं नाही, चांगलं-वाईट असा शेरा मारायचा नाही. "६:५०, ठाणे स्टेशन, एकटी, मॅनेजर बोलला होता, भूक नव्हती, समोसा." बस एवढंच. रविवार पण लिही, कारण घरातलं खाणं वेगळं असतं.

आठ दिवसांनी वही वाच, आणि बघ की जास्तीचं खाणं कशामुळे होतंय. नेदरलँड्समध्ये १९८६ मध्ये तात्याना फान स्ट्रीन यांनी एक प्रश्नावली केली होती, त्यात खाण्याचे तीन प्रकार आहेत आणि मला ते अजूनही सगळ्यात उपयोगी वाटतात. एक, मन बिघडलं की खाणं. दोन, समोर दिसलं, वास आला, सगळे खातायत म्हणून खाणं. तीन, स्वतःला सतत आवरून धरणं, आणि मग कधीतरी बांध फुटणं. बहुतेक मुलींमध्ये एक प्रकार ठळक असतो आणि दुसरा थोडा. तुझा कोणता ते कळल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही, खरंच.

मन बिघडलं की खाणारी

ही मुलगी दिवसभर व्यवस्थित असते. डबा खाते, पाणी पिते. संध्याकाळी सहानंतर सगळं ढासळतं. यात चिंतेचा स्वभाव असतोच, पण मी एक गोष्ट फार वेळा बघितलीय, या मुली दुपारी एकला दोन पोळ्या-भाजी खातात आणि मग थेट रात्री साडेनऊला जेवतात, मधे साडेआठ तास फक्त दोन चहा. म्हणजे मन बिघडलेलं आहे हे खरं, पण पोट पण रिकामं आहे, आणि रिकाम्या पोटी मन अजून बिघडतं. त्यामुळे इथे सगळ्यात आधी संध्याकाळी पाच-साडेपाचचं खाणं पक्कं कर. ऑफिसमधून निघायच्या आधी, डेस्कवरच, भूक लागलेली नसली तरी. फुटाणे-शेंगदाणे मूठभर आणि एक केळं, किंवा मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर सकाळीच डब्यात, किंवा उकडलेली दोन अंडी, किंवा घरचा नाचणीचा लाडू. बिस्किटं नकोत, त्याने तासाभरात परत भूक लागते. ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांचा स्टेशनबाहेरचा समोसा आपोआप निम्म्यावर आलाय, त्यासाठी मनाशी भांडावं लागलं नाही.

मग उरतं ते खरं मनाचं खाणं. तिथे "खाऊ नको" हा नियम चालत नाही कारण चिंतेच्या वेळी नियम आठवत नाहीत, दुसरी एखादी कृती तयार असायला लागते. पीटर गोल्विट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर खूप काम केलंय, "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच ठरवून ठेवायचं, अगदी नेमकं. २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून बघितले तर नुसता निश्चय करण्यापेक्षा हे असं ठरवणं बऱ्यापैकी जास्त कामी येतं असं दिसलं. तर तू वहीत लिही: "मीटिंगमध्ये बोलणी बसली की मी आधी जिन्याने खाली जाऊन एक चक्कर मारीन." "घरी आल्या आल्या किचनमध्ये जायच्या आधी आंघोळ करीन." "रात्री अकराला खाणं मागवायचं ॲप उघडावंसं वाटलं तर आधी ताईला व्हॉइस नोट पाठवीन." चक्कर मारूनही खावंसं वाटलं तर खा, पण ताटलीत घेऊन, बसून, फोन बाजूला ठेवून. पाकिटातून उभ्याने खाल्लेलं मनाला कळतच नाही, म्हणून तर संपतच नाही ते.

आणि घरच्यांसाठी एक वाक्य, मुलगी दमून येऊन खातेय तेव्हा "परत खातेयस का" असं म्हणू नका. ती मग तुमच्यासमोर खात नाही, पण खोलीत दार लावून खाते. त्याने काय साधलं?

सतत आवरून धरणारी, म्हणजे परफेक्ट करायला बघणारी

याच मुलीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तिला कुणी थांबवत नाही, उलट कौतुक होतं. शिस्तीचा स्वभाव आरोग्याला चांगला असतो हे वर लिहिलंय मी, पण शिस्तीला जेव्हा "थोडंही चुकता कामा नये" ची जोड मिळते आणि वर चिंता असते तेव्हा ती शिस्त अंगावर येते. परफेक्शनिझम आणि खाण्याचे आजार यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय.

१९७५ चा एक प्रयोग आहे, पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा, कॉलेजच्या मुलींवरचा. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना नाही, आणि मग सगळ्यांना चव सांगायची म्हणून आइस्क्रीम दिलं, हवं तेवढं खा. ज्या मुली एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना. पण ज्या सतत आवरून खाणाऱ्या होत्या त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस गेलाच आहे ना, मग गेला. हे तुला ओळखीचं वाटत असेल तर नीट ऐक, तुझा ताबा कमी पडत नाहीये, तुझा नियमच इतका ताठ आहे की तो एका घासात मोडतो आणि मोडला की सगळंच सुटतं.

म्हणून तुझ्यासाठी उपाय उलटा आहे. नियम सैल कर, आणि सैलपणाच नियमात लिहून टाक. "साखर बंद" असं ठरवू नकोस, "आठवड्यातून तीनदा गोड, ते मी निवडणार, आणि पोटभर जेवल्यावर खाणार" असं ठरव. शनिवारी मैत्रिणींबरोबर मिसळ खायला जायचंय हे माहीत असेल तर त्या दिवशी सकाळचं खाणं सोडू नकोस, रोजच्यासारखं खा आणि मिसळ पण खा. एखाद्या वेळी जास्त झालं तर पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीएवढंच, यात तडजोड नाही. भरपाई म्हणून उपाशी राहणं, दुप्पट चालणं, हे सुरू झालं की चक्र सुरू झालंच म्हणून समज. वजनकाटा कपाटात ठेव, महिन्यातून एकदाच काढ. आणि फोनवर कॅलरी मोजायचं ॲप असेल तर ते काढून टाक, दुसऱ्या कुणाला ते उपयोगी असेल, तुला नाही.

उपासाबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे उपासाला कुणी प्रश्न विचारत नाही. नवरात्रीचे नऊ दिवस, संकष्टी, श्रावणी सोमवार, गुरुवार, श्रद्धेने करणाऱ्या मुलींबद्दल मी बोलत नाहीये, तो ज्याचा त्याचा विषय. पण मनात एक आणि सांगायला दुसरं असं असेल, म्हणजे "आज माझा उपास आहे" हे वाक्य जेवण टाळायला कामी यायला लागलं असेल आणि उपासांची संख्या वाढत चालली असेल, तर ते स्वतःशी तरी कबूल कर.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून स्कॉफ नावाची पाच प्रश्नांची एक साधी चाचणी वापरतात. पोट जास्त भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का? किती खातेय यावर आपला ताबा राहिला नाही अशी भीती वाटते का? तीन महिन्यांत सहा-सव्वासहा किलोपेक्षा जास्त वजन उतरलंय का? सगळे बारीक म्हणत असताना तुला आपण जाड वाटतो का? खाण्याच्या विचारांनीच दिवस व्यापलाय का? यातल्या दोन किंवा जास्त प्रश्नांना हो असेल तर हा लेख बाजूला ठेव आणि डॉक्टरांशी बोल, सायकिॲट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. लगेच कुणाकडे जाणं जमत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. घरी सांगायची भीती वाटते मुलींना, मला माहितीय, पण निदान एका मैत्रिणीला सांग आणि तिला बरोबर ने.

समोर दिसलं की खाणारी, आणि माणसांत रमणारी

हिचं तुलनेने सोपं आहे. हिला एकटीने डाएट करायला सांगणं म्हणजे शिक्षा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून घरी आल्यावर एकटीने सॅलड चिरत बसायचं? नाही होणार. पण हिला कुणाबरोबर तरी चालायला जायचंय म्हटलं की ही पहाटे पाचला तयार असते. मग त्याचाच फायदा घे. ठाण्यात उपवन आहे, तलावपाळी आहे, नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरला सेंट्रल पार्क, जिथे जवळ असेल तिथे दोन-तीन जणींचा वार ठरव. डब्ल्यूएचओ आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भराभर चाललीस तरी किमान पूर्ण होतं. गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने.

खाण्याचं म्हणशील तर हिच्यासाठी मनाला समजावण्यापेक्षा रस्ता बदलणं जास्त कामाचं. स्टेशनच्या ज्या बाजूला खाण्याच्या गाड्या लागतात ती बाजू सोडून दुसऱ्या जिन्याने उतर. ऑफिसमध्ये वाढदिवसाचा केक ज्या टेबलावर असतो तिथे उभी राहू नकोस, गप्पा मारायच्या तर खिडकीपाशी ने सगळ्यांना. घरी फरसाणचा डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर, आणि फळं धुऊन टेबलावर. आणि बाहेर जेवायला जाणार असाल तर हॉटेल तूच सुचव, हा हक्क बोलक्या मुलींना सहज मिळतो.

सगळ्यांचं मन जपणारी

हिच्याबद्दल डाएटवाले कुणी बोलतच नाहीत. मावशी म्हणते अजून एक पुरणपोळी घे, ही घेते. टीममध्ये सगळे बर्गर मागवतात, ही पण मागवते, "मला चालेल काहीही". लग्न झालेली असेल तर सगळ्यांना वाढून शेवटी बसते, भाजी संपलेली असते, मग लोणचं आणि पोळी. कधी नको असताना जास्त, कधी हवं असताना कमी, दोन्ही दुसऱ्यासाठी.

हिला वाक्यं तयार ठेवायला लागतात, कारण आयत्या वेळी हिच्या तोंडून हो निघतं. "मावशी, मस्त झालीये, एक डब्यात दे ना, उद्या ऑफिसला नेते." हे वाक्य माझ्या बघण्यात कधीच फुकट गेलेलं नाही, आग्रह करणारीचा मान राहतो आणि तुझं पोट पण. सासूबाईंना "आई, मला डॉक्टरांनी चहा जेवणानंतर तासाने घ्यायला सांगितलाय". आणि वाढताना सगळ्यात आधी आपली भाजी-आमटी एका वाटीत काढून बाजूला झाकून ठेवायची. यात स्वार्थ काहीच नाही. एनएफएचएस-५ या सरकारी पाहणीत, २०१९-२१ ची, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालंय. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं हे त्यातलं एक कारण आहेच, नाही कसं.

विसरणारी, आणि दर महिन्याला नवीन काहीतरी सुरू करणारी

विसरणाऱ्या मुलीला प्रेरणा देऊन उपयोग नाही, तिला कमी निर्णय लागतील अशी सोय हवी. रविवारी एकदाच कडधान्यं भिजत घालायची आणि मोड काढून फ्रीजमध्ये, पाण्याची बाटली बॅगेतच, चालायचे बूट दारात, गोळ्या चहाच्या कपाशेजारी. नवीन सवय जुन्या सवयीला बांधायची, दात घासले की लगेच अमुक. आणि एका वेळी एकच. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर बघितलं होतं की सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, मधला आकडा ६६ दिवस आला, पण कुणाला १८ लागले असते तर कुणाला २५४. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे फिरतं ते मनावर घेऊ नकोस. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही.

नव्याची आवड असणारी तर खरं म्हणजे नशीबवान. फक्त तिने ती आवड कीटो, डिटॉक्स ज्यूस, कुठली तरी पावडर यात घालवू नये. पावसाळ्यात येऊरकडच्या आदिवासी बायका ठाण्याच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, त्यांनाच विचार कशी करायची, नीट सांगतात त्या. शेवळं मात्र काकडं (आंबट रानफळं) घालून नीट शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. दर आठवड्याला एक नवीन भाजी किंवा कडधान्य, एवढं ठरवलंस तरी वर्षभर कंटाळा येणार नाही.

स्वभावावर ढकलायच्या आधी हे तपास

हा भाग सगळ्यांसाठी आहे आणि कृपा करून वगळू नका. चिडचिड, सतत थकवा, कशातच मन न लागणं, गोड खावंसं वाटणं, यातलं बरंचसं स्वभाव वाटतं पण नसतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर मुलगी आळशी दिसते. थायरॉइड कमी काम करत असेल तर तसंच. पाच तास झोप घेऊन, ऐरोलीला नाइट शिफ्ट करून कुणाचाही ताबा सुटतो, झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं असं प्रयोगांत दिसलंय. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त भूक लागणं साहजिक आहे, वहीत पाळीच्या तारखा पण लिही म्हणजे तो आठवडा वेगळा दिसेल. पाळी लांबतेय, हनुवटीवर केस येतायत, पुरळ जात नाहीत, तर पीसीओएस (हॉर्मोन्स बिघडून होणारा अंडाशयाचा त्रास) आहे का ते गायनॅककडून बघून घे.

तर आधी सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन बी १२ आणि डी एवढं डॉक्टरांना विचारून करून घे. रक्त कमी असेल तर पालेभाजी, कडधान्यं, अळीव, खजूर यांच्यावर लिंबू पिळून खा किंवा सोबत आवळा-पेरू घे, व्हिटॅमिन सी ने लोह जास्त शोषलं जातं. आणि चहा जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास नको, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलंय. पोळीभाजीच्या डब्याबरोबर लगेच कटिंग घेण्याची सवय आपल्याकडे इतकी आहे की फक्त एवढं बदललं तरी मला बरं वाटेल. पण हिमोग्लोबिन बरंच खाली असेल तर नुसत्या खाण्याने भरून येत नाही, गोळ्या लागतात, त्या डॉक्टर सांगतील तितके महिने घे, बरं वाटायला लागलं म्हणून मधेच सोडू नकोस.

रिपोर्ट आले की ते आणि ती आठ दिवसांची वही, दोन्ही घेऊन बस. एकच सवय निवड, तुझ्या ठळक प्रकाराला लागू पडणारी, आणि दोन महिने तिच्याशिवाय दुसरं काही हातात घेऊ नकोस. दोन महिन्यांनी परत आठ दिवस लिही आणि दोन्ही आठवडे शेजारी ठेवून वाच. संध्याकाळच्या नोंदी बदलल्या असतील तर पुढची सवय घे. बदलल्या नसतील तर प्रकार चुकीचा ओळखला गेलाय का ते बघ, बऱ्याचदा मन बिघडल्याचं खाणं वाटतं ते खरं तर दिवसभर आवरून धरल्याचं असतं. डायटिशियनकडे जाणार असशील तर हीच वही तिला दाखव आणि तू काय खातेस याच्या आधी कधी आणि का खातेस ते सांग. ते ऐकून न घेता कुणी छापील चार्ट हातात दिला तर फी गेली असं समज आणि दुसरीकडे जा.